सूर्यजा एअरवेजची दुसरी बॅच

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या पुढच्या वर्षी सुरतेतल्या ठाकोरशेठनं विमान कंपनी काढली. रिंग रोडच्या तीन मार्केटांत त्याचे साड्यांचे गाळे होते, कडोदऱ्याला रंगाईची मिल होती, आणि आता डुमस रोडच्या धावपट्टीवर त्याची भाड्यानं आणलेली दोन पंखेवाली विमानं उभी राहू लागली. कंपनीचं नाव सूर्यजा एअरवेज. व्यापारी सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी जेवायला घरी येऊ लागले आणि शेठच्या अकलेचं कौतुक करू लागले.

अडाजणच्या मृणाल खानापूरकरला मात्र त्या विमानांत प्रवासी म्हणून बसायचं नव्हतं. तिला पुढं बसायचं होतं. तिच्याकडे पायलटचं लायसन होतं. वडील बँकेत, आई नवागामच्या मराठी शाळेत शिक्षिका. दोघांच्या पगारातून आणि मृणालनं मिळवलेल्या सरकारी शिष्यवृत्तीतून ते लायसन झालं होतं. त्यालाही दोन वर्षं होऊन गेली. तेव्हापासून ती घरी बसून बारावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेत होती. स्कूटर येते म्हणून कुणी एसटी हातात देत नाही, तसंच हे. छोट्या विमानाचं लायसन असलं तरी प्रवाशांचं विमान चालवायचं तर त्या त्या जातीच्या विमानाचं वेगळं ट्रेनिंग लागतं. ते ट्रेनिंग कंपनी देते, आणि कंपनी मिळत नव्हती.

कंपनीला दीड वर्ष होता होता सूर्यजाची नव्या पायलटांसाठी जाहिरात आली तशी मृणालनं शिकवण्या सोडून अभ्यास धरला. लेखी झाली, मुलाखत झाली, कॅप्टन भरूचांनी प्रत्येकाला शेजारी बसवून उडवून पाहिलं. भरूचा म्हातारे पारशी, उभी हयात विमानात गेलेली. मृणाल खाली उतरली तेव्हा म्हणाले, "दीकरी, तारो हाथ हलको छे." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं, असं बाकीची मुलं म्हणाली. यादी लागली. सात जण घेतले होते आणि मृणालचा नंबर पहिला होता. बाबांनी सोसायटीत घारीची मिठाई वाटली.

दुसऱ्या दिवशी ती रिंग रोडच्या ऑफिसात गेली. खाली साड्यांचे गठ्ठे, वर विमान कंपनी. मॅनेजरनं तिला बसवलं, थम्स अप मागवलं आणि ट्रेनिंगचे पैसे किती नि कधी भरायचे ते सांगितलं. मृणालला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. तेवढ्या पैशांत अडाजणला दुसरा फ्लॅट आला असता.

"पण मला नोकरी लागली ना?" ती म्हणाली.

"लागली ना. पैसे भरले की लागली."

"आणि पगार?"

"पहिलं वर्ष शिकाऊ. जाण्यायेण्याचा भत्ता मिळेल. मग बघू."

"शिकाऊ म्हणजे विमान मीच चालवणार? प्रवासी बसलेलं?"

"शेजारी कॅप्टन असतो की."

"आणि नाही भरले तर?"

मॅनेजर अगदी गोड हसला. "तर आठव्या नंबरवाल्याला बोलवू. तो तयार बसलाय. त्याचे फादर बिल्डर आहेत."

मृणाल जिना उतरली तेव्हा तिचे कान तापले होते. थम्स अप तसंच राहिलं होतं. परीक्षा घेतली, उडवून पाहिलं, नंबर लावले, आणि शेवटी काय, तर ज्याच्या बापाकडे पैसा तो पायलट. मग परीक्षेचा खेळ केला तरी कशाला? लिलावच करायचा होता!

घरी बाबांनी ऐकलं, कागदावर आकडेमोड केली. मग म्हणाले, "फ्लॅट गहाण टाकू. माझी बँक आहे, व्याजात सवलत मिळेल."

आई, अलका खानापूरकर, पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं. "कशासाठी? तिला नोकरी देतायत म्हणून आपण त्यांना पैसे द्यायचे?"

"अगं, मेडिकलला लोक डोनेशन देतातच की."

"ते कॉलेज असतं, प्रकाश. ही नोकरी आहे. नोकरीत माणूस राबतो आणि मालक पैसे मोजतो. हे उलटं शास्त्र कुठलं?"

"विमान महाग असतं. ट्रेनिंगवर कंपनीनं खर्च करायचा आणि ही शिकून दुसरीकडे गेली तर? त्यांचीही बाजू आहे."

"मग करार लिहून घ्या म्हणावं, पाच वर्षं हलणार नाही असा. आधी खिसा कापून घेणं ही कुठली बाजू?" आईचा आवाज चढला. "माझ्या वर्गातली पोरं सातवी झाली की हिऱ्याच्या कारखान्यात बसतात. सहा-सहा महिने फुकट घासतात. का, तर शिकाऊ. मी त्यांच्या बापांशी भांडते, पोरगं काम करतंय तर पगार माग म्हणून. उद्या कुठल्या तोंडानं भांडू? माझीच पोरगी पैसे देऊन राबायला चाललीय!"

"मग काय जन्मभर गणितं शिकवू दे तिला?" बाबाही ओरडले. ते कधी ओरडत नसत.

मृणालला दोघांचाही राग आला. आईचा, कारण ती बरोबर बोलत होती. बाबांचा, कारण ते मृणालच्याच मनातलं बोलत होते. आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा, कारण एवढं सगळं कळूनही तिला ते विमान हवं होतं. "भरू या," ती म्हणाली आणि आईकडे न बघता आत निघून गेली. आई त्या दिवशी जेवली नाही.

आठवड्याभरानं कबुलीची सही करायला ती पुन्हा ऑफिसात गेली. बाहेरच्या बाकावर एक पोरगा पायलटच्या पूर्ण ड्रेसमध्ये बसला होता. पांढराशुभ्र शर्ट, खांद्यावर पट्ट्या, मांडीवर टोपी. येणारा-जाणारा शिपाईसुद्धा त्याच्याकडे बघत नव्हता. मृणालनं विचारलं तेव्हा त्यानं नाव सांगितलं, अमित दुसाने. सूर्यजाची पहिली बॅच.

"दुसरी बॅच तुमचीच ना?" तो म्हणाला. "या या. तुमच्यामुळेच आम्ही घरी बसलो."

खाली उसाच्या रसाच्या लारीवर त्यानं सगळं सांगितलं. पहिल्या बॅचमध्ये पाच जण होते. सगळ्यांनी पैसे भरले, ट्रेनिंग झालं, वर्षभर भत्त्यावर उडाले. वर्ष संपलं. आता पगार द्यायची वेळ आली, तर शेठचा निरोप आला की फेऱ्या कमी झाल्यात, तूर्त घरी थांबा. फेऱ्या कमी झाल्या नव्हत्या. त्यांच्या खुर्च्यांवर पैसे भरणारी दुसरी बॅच बसवायची होती.

"प्रवाशांच्या तिकिटावर कंपनी चालते असं वाटलं होतं मला," अमित म्हणाला. "कंपनी आपल्यावर चालते. मागच्या खुर्च्या भरल्या काय, न भरल्या काय. पुढची एक खुर्ची दरवर्षी विकली की झालं."

"मग हा ड्रेस?"

त्यानं मान खाली घातली. "घरी सांगितलेलं नाही. रोज ड्रेस घालून निघतो, इथं बसतो, संध्याकाळी परत जातो. तुम्हाला खोटं वाटत असेल तर चला घरी. फक्त बाबांसमोर काही बोलू नका."

तिनं शब्द दिला. तिच्या कायनेटिकवर दोघं कडोदऱ्याला गेले. हायवेपासून आत, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण दुसान्यांच्या शेडमध्ये सगळं शांत होतं. अमितचा बाप बन्सीलाल धुळ्याकडून येऊन आधी दुसऱ्याच्या लूमवर राबला, मग एक-एक करत स्वतःचे सहा घेतले. सहाही विकले. फरशीवर बोल्ट उपटल्याची भोकं तेवढी राहिली होती, आणि कोपऱ्यात कुणा दुसऱ्याच्या सुताच्या गोण्या भाड्यानं ठेवल्या होत्या. बन्सीलाल स्वतः आता समोरच्या कारखान्यात बारा तासांच्या पाळीला जात होता.

"बैस ना माय, चहा ठेवस," अमितची आई प्रमिलाबाई म्हणाली. तिनं मुलाच्या हातातली टोपी घेतली, पदरानं पुसली आणि खुंटीला लावली.

बन्सीलाल मृणालसमोर खाटेवर बसला. "मना पोऱ्या इमान चालाडस," तो म्हणाला. कितव्यांदा म्हणत असेल कोण जाणे, पण पहिल्यांदाच सांगितल्यासारखा. "आख्खा कडोदराम्हा कोणी नही असा. सहा लूम गयात ते गयात. पोऱ्या वर गया ना."

अमित भिंतीकडे बघत चहा पीत होता. मृणालनं चहा एका घोटात संपवला आणि ती उठली. परतताना तिनं गाडी नको तेवढ्या जोरात पळवली. त्या क्षणी ठाकोरशेठ समोर आला असता तर तिनं गाडी त्याच्या अंगावर घातली असती.

चार दिवसांनी मार्केटच्या हॉलमध्ये समारंभ होता. दुसऱ्या बॅचला नेमणूकपत्रं आणि पालकांकडून पैसे, दोन्ही एकाच मांडवात. स्टेजवर झेंडूच्या माळा, शेठ मध्ये, शेजारी कॅप्टन भरूचा. समोर मुलं आणि आईबाप. आठव्या नंबरचा अभिजीत सबनीसही होता. सातातल्या एकानं माघार घेतल्यावर त्याला आत घेतलं होतं. गुजराती पेपरचे दोन वार्ताहर आले होते. मृणालच्या बाबांच्या खिशात बँकेचा ड्राफ्ट होता. आई घरून आलीच नव्हती.

मृणालनं बाबांना काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी तिला येऊ दिलं नसतं.

पहिला नंबर म्हणून तिला दोन शब्द बोलायला बोलावलं. ती माइकपाशी गेली आणि गुजरातीत म्हणाली, "शेठ, पहिल्या बॅचचे पाच पायलट कुठे आहेत?"

हॉलमध्ये कुणाला काही कळेना. शेठनं हसत मॅनेजरकडे बघितलं.

"मी सांगते. ते घरी आहेत. वर्षभर फुकट उडवून घेतलं आणि पगाराची वेळ आली तसं बसवलं. उद्या आम्ही त्यांच्या जागी, वर्षानंतर तिसरी बॅच आमच्या जागी. अमित दुसानेच्या वडिलांनी सहा लूम विकले. तो पोरगा रोज ड्रेस घालून तुमच्या बाकावर बसतो, शेठ. शिपाई त्याला पाणीसुद्धा विचारत नाही."

नाव तोंडातून गेलं तसं तिला आठवलं की आपण शब्द दिला होता. पण आता थांबणं तिच्या हातात उरलं नव्हतं.

"बेन," शेठ बसल्या जागेवरून म्हणाला, "आकाश मफत नथी." पुढच्या रांगेत दोघं-तिघं हसले. "आमच्या धंद्यात लूम शिकणारा पोरगा पण सुताचं नुकसान भरतो. मी जबरदस्ती नाही केली. ज्याला परवडतं तो येतो."

"मग तिकिटावर छापा ना तसं! छापा की पुढं बसलेल्यानं परीक्षा दिली होती, पण खुर्ची त्याला बापाच्या पैशानं मिळालीय. बघू किती व्यापारी चढतात तुमच्या विमानात." ती भरूचांकडे वळली. "सर, तुम्ही मला पहिला नंबर दिलात. पैसे न भरता घ्याल मला? कितीही वर्षांचा करार लिहून देते. पगारातून कापा."

भरूचांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दीकरी, मैं तो बस लिस्ट दिया था," ते हळूच म्हणाले.

"तुमच्या लिस्टची किंमत काय मग?"

मॅनेजरनं माइक बंद केला. अभिजीत उठून ओरडला, "माझ्या बापाच्या पैशाबद्दल बोलायचं काम नाही तुला! मीही परीक्षा पास झालोय!" त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. आणि मृणालला जाणवलं की तोही खोटं बोलत नाहीये. दोन पालक उठून ड्राफ्टसकट निघून गेले. बाकीच्यांनी भरले. तिच्यादेखत, एकामागून एक, मान खाली घालून.

बाबा गाडीपाशी उभे होते. "आयुष्यात एकदा दार उघडलं होतं तुझ्यासाठी," ते म्हणाले. "तू लाथ मारलीस." घरी येईपर्यंत आणि त्यानंतर कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. ड्राफ्ट त्यांनी बँकेत रद्द करून घेतला. आईनं सगळं ऐकून घेतलं, मृणालला ताट वाढलं आणि समोर बसून राहिली.

पेपरात बातमी आली, नावासकट. तिसऱ्या दिवशी सकाळी बन्सीलाल दारात उभा होता. रात्रपाळीहून थेट आला होता, केसांत सुताचे तंतू होते. तो आत यायला तयार नव्हता.

"मना पोऱ्यानं नाव कसाले लिधं?" तो म्हणाला. "तुले कोन सांगेल व्हतं? पोऱ्या घर सोडीसन गया. लोकं हसतस माले."

मृणाल उंबऱ्यातच उभी राहिली. माफी मागायला तोंड उघडलं, पण माफीनं काय होणार होतं? आईनंच पुढं होऊन त्याचा हात धरला आणि आत बसवलं. तो बराच वेळ बसला. पाणी प्यायला, मग म्हणाला, "तो शेठ कोठे ऱ्हास ते दखाडा माले." मघाचा राग आता दुसऱ्या दिशेला वळला होता.

ती तिघं ऑफिसात गेली, एकदा नव्हे, अनेकदा. शेठ भेटला नाही. मग आईनं ओळखीचा वकील गाठला, ग्राहक मंचात अर्ज केला. पहिल्या बॅचच्या पाचांपैकी दोघांनीच सह्या केल्या. बाकीचे म्हणाले, नाव झालं तर दुसरी कंपनी घेणार नाही. त्यांचं खोटं नव्हतं. मृणालला मुंबईच्या एका कंपनीत मुलाखतीला बोलावलं, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "सुरतेत भाषण केलं होतं ती तूच का?" दुसरा प्रश्न आला नाही. अमित धुळ्याला काकाच्या सोन्याच्या दुकानात बसला. तिनं दोनदा फोन केला. तो फोनवर आला नाही.

पुढच्या पावसाळ्यात सूर्यजा बंद पडली. विमानांच्या मालकांनी विमानं परत नेली, शेठ साड्यांकडे वळला. ग्राहक मंचात तारखा पडत राहिल्या. दुसऱ्या बॅचचे पैसे बुडाले, आणि बाबांनी एका रात्री जेवताना, ताटाकडे बघत, "आपले वाचले," एवढंच म्हटलं. मृणालला त्यानं काही बरं वाटलं नाही. पैसे वाचवायला ती स्टेजवर चढली नव्हती.

एका फ्लाइंग क्लबनं तिला इन्स्ट्रक्टर म्हणून घेतलं. पगार शाळामास्तरापेक्षा कमी, विमान दोन माणसांचं, पण हातात विमानाचा दांडा होता. पहिल्या महिन्याचा पगार तिनं आईच्या हातात दिला तेव्हा आईनं नोटा न मोजता देवापुढं ठेवल्या. त्या क्लबमध्येच, अठ्ठ्याण्णवच्या अखेरीस, अभिजीत सबनीसचा फोन आला. सूर्यजा बुडायच्या आत त्याचे उड्डाणाचे तास भरले होते आणि त्या तासांवर त्याला एका मोठ्या कंपनीनं घेतलं होतं. आता तो जेटवर होता.

"राग नाही ना?" तो म्हणाला. "मीही नाही धरला. पण एक सांगू? माझे पैसे वसूल झाले. तू भरले असतेस तर आज माझ्याआधी इथं असतीस. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता, सगळ्यांना माहीत आहे."

मृणालनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"आणि गंमत ऐक. आता आमच्या कंपनीनंही नव्या पोरांकडून ट्रेनिंगचे पैसे घ्यायचं ठरवलंय. कशाला सोडतील? पोरं रांग लावून उभी आहेत."

"तुम्ही रांग लावलीत म्हणून!" ती इतक्या जोरात म्हणाली की टेबलापलीकडचा हिशेबनीस दचकला. "सगळ्यांनी ताठ उभं राहून नाही म्हटलं असतं तर त्यांना पायलट कुठून मिळणार होते? दगड बसवणार होते पुढं? त्यांना आपली गरज होती, अभिजीत. आपल्याला तेवढंसुद्धा कळू दिलं नाही कुणी."

"आपण सगळे म्हणजे कोण? तुझ्या घरी पगार होता, माझ्या घरी पैसा होता. अमितच्या घरी काय होतं? नाही म्हणायला पण काहीतरी लागतं."

तो बोलला ते खरं होतं, आणि ते त्यानं बोलावं याचाच तिला जास्त राग आला. "ठेवते," म्हणून तिनं फोन ठेवला आणि ती उठली.

बाहेर विमानाजवळ शर्वरी नावाची एक विद्यार्थिनी चेकलिस्ट घेऊन उभी होती. पोरीचा हात जड होता, पण अजून तीन महिन्यांत सुटेल असा होता. तिचे वडील कुंपणापाशी येऊन थांबले होते. पोस्टात कारकून होते. मृणालला पाहून त्यांनी नमस्कार केला.

"मॅडम, लायसन झालं की नोकरी पक्की ना?"

मृणालनं त्यांच्याकडे पाहिलं. सोपं उत्तर देता आलं असतं. क्लबच्या मालकाला तेच आवडलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "लायसन झालं की कंपन्या तुमच्याकडेच पैसे मागतील. आज संध्याकाळी थांबा, सगळं सांगते. आणि बाकीच्या पालकांनाही बोलवा. एकेकट्यानं ऐकण्यासारखं नाहीये ते."

मग ती विमानात चढली, पट्टा आवळला आणि शर्वरीला म्हणाली, "चल. काल उतरताना विमानाचं नाक आपटलं होतंस. आज नीट होईपर्यंत विमानातून उतरायचं नाही."